अ‍ॅक्शन हिरोंचे गॉगल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्मिनेटरचा गॉगल नेमका कोणता?

कुठल्या भागातला, ते आधी ठरवा. १९८४ च्या पहिल्या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या डोळ्यांवर गारगॉइल्स या अमेरिकी कंपनीचं ‘एएनएसआय क्लासिक्स’ हे मॉडेल आहे. १९९१ च्या दुसऱ्या भागात तो पर्सोल या इटालियन कंपनीचा, ‘रात्ती’ मालिकेतला ५८२३० घालतो. दोन्ही काळे, दोन्ही रुंद. लांबून सारखेच वाटतात, पण त्यांची जातकुळी वेगळी.

गारगॉइल्सच्या नावातलं ‘एएनएसआय’ म्हणजे अमेरिकन नॅशनल स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट, तिकडची मानकं ठरवणारी संस्था. कारखान्यात उडणारे कण, ठिणग्या, तुकडे यांपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्यांचे नियम तिच्याच नावाने निघतात. म्हणजे हा गॉगल मुळात सुरक्षा-चष्म्याच्या घराण्यातला. पॉलिकार्बोनेटची काच आणि तिचं कानशिलापर्यंत गेलेलं वळण हे सगळं बाजूने येणारा मार अडवण्यासाठी होतं. यंत्रमानवाच्या चेहऱ्यावर ते शोभलं, कारण त्यात माणसाच्या नजरेला शिरायला फटच ठेवलेली नव्हती.

कथेतही त्याला सबळ कारण आहे. मारामारीत त्या यंत्राचा एक डोळा निकामी होतो, हॉटेलच्या खोलीत आरशासमोर उभा राहून तो बाहेरचा डोळा कापून काढतो आणि आतला लाल दिवा उघडा पडतो. तो लपवायला गॉगल येतो. दुसऱ्या भागात असलं काही कारण नाही. तिथे तो बारमालकाच्या हातातली बंदूक हिसकावतो, मग शांतपणे हात पुढे करून त्याच्या खिशातला गॉगल काढून घेतो आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. २००३ च्या तिसऱ्या भागात त्याच्या हाती चांदणीच्या आकाराचा नाचगाण्यातला चष्मा देऊन या सगळ्याची थट्टाही करून झाली. माझ्या मते पहिल्या भागातला गॉगल सगळ्यात अस्सल, कारण तो काढून टाकला तर कथा अडते.

असे गॉगल खास चित्रपटासाठी बनवून घेतात का?

क्वचित. बहुतेक गाजलेले गॉगल आधी कुणाच्या तरी नोकरीचा भाग होते, हिरोच्या नाकावर ते नंतर चढले. थेंबाच्या आकाराच्या काचांचा अ‍ॅव्हिएटर वैमानिकांसाठी निघाला. पर्सोलचं ६४९ हे मॉडेल १९५७ मध्ये तुरिन शहरातल्या ट्रामचालकांसाठी बनलं. वारा आणि धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून काच मोठी ठेवली. त्याचीच घडी होणारी आवृत्ती म्हणजे ७१४. ती स्टीव्ह मॅक्वीनने १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये घातली आणि ट्रामवाल्यांचा चष्मा एकदम श्रीमंतांचा झाला. मॅक्वीनची एक जोडी २००६ मध्ये लिलावात सुमारे ७० हजार डॉलरला गेली. तुरिनच्या एखाद्या निवृत्त ट्रामचालकाने ती बातमी वाचली असेल तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल, हे मला बघायला आवडलं असतं.

‘स्पेक्टर’मध्ये (२०१५) ऑस्ट्रियाच्या बर्फात जेम्स बॉन्ड व्युआर्ने या फ्रेंच कंपनीचा गॉगल घालतो. त्याला दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं आहेत. बर्फावरून उसळणारा उजेड बाजूने आत येऊ नये यासाठी हिमनद्यांवर चढणारे लोक असले चष्मे वापरत आले आहेत.

मला वाटतं, हे गॉगल पडद्यावर खरे वाटतात त्याचं कारण हेच आहे. त्यांच्या प्रत्येक वळणामागे काहीतरी काम आहे. नुसता काडीवर मोठा सोनेरी लोगो असलेला गॉगल चढवला की हिरो विमानतळावरच्या दुकानातून नुकताच बाहेर पडल्यासारखा दिसतो.

आणि ‘मॅट्रिक्स’?

तो मात्र खरा अपवाद. १९९९ च्या या चित्रपटातले चष्मे रिचर्ड वॉकर या डिझायनरने पात्रांसाठी वेगवेगळे घडवले. ‘ब्लाइंड’ हा त्याचाच ब्रँड. निओचा वेगळा, ट्रिनिटीचा वेगळा, एजंटांचे वेगळे. मॉर्फियसच्या चष्म्याला तर काड्याच नाहीत, तो फक्त नाकावर बसतो. आपल्याकडे जुन्या फोटोंतले वकील आणि प्राध्यापक असेच चिमट्याचे चष्मे लावून दिसतात, पण कुंग फू खेळताना तो जागेवर राहणं ही फक्त सिनेमाची कृपा.

त्याच काचांत गिळायची लाल आणि निळी गोळी दिसते तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. आरशासारख्या काचा कॅमेरामनसाठी डोकेदुखी असतात. समोरचं सगळं, म्हणजे कॅमेरा, दिवे, माईक धरून उभा असलेला माणूस, असं सगळं त्यात उमटतं. कोन बदलून, काळं कापड लावून किंवा नंतर संगणकावर पुसून ते घालवावं लागतं. इथे मात्र त्याच अडचणीतून चित्रपटातली सगळ्यात लक्षात राहणारी चौकट निघाली.

टॉम क्रूझमुळे रे-बॅन चालला की रे-बॅनमुळे टॉम क्रूझ?

वाद घालायला छान विषय आहे, पण हिशेब बघितला तर पहिलं जास्त खरं.

थोडा मागचा इतिहास. बॉश अँड लोम्ब या अमेरिकी कंपनीने १९३७ मध्ये वैमानिकांचा चष्मा रे-बॅन या नावाने सर्वसामान्यांसाठी विकायला काढला. खाली ओघळणारा थेंबाचा आकार हौसेतून आलेला नाही. वैमानिकाची नजर सतत खालच्या यंत्रफलकाकडे जाते, तिथपर्यंत काच पुरली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांचे गॉगल घातलेले फोटो जगभर छापून आले आणि हा आकार रुबाबाशी जोडला गेला. दुसरीकडे १९५२ मध्ये आलेला जाड प्लास्टिक फ्रेमचा वेफेअर सत्तरच्या दशकात पार मागे पडला. १९८१ मध्ये त्याच्या जेमतेम १८ हजार जोड्या खपल्या. तो बंद पडण्याच्या बेतात होता.

मग १९८२ मध्ये कंपनीने कॅलिफोर्नियातल्या एका एजन्सीशी करार केला. वर्षाला ५० हजार डॉलर, आणि त्या बदल्यात चित्रपटांत, मालिकांत आमचे गॉगल दिसले पाहिजेत. पुढच्याच वर्षी ‘रिस्की बिझनेस’मध्ये कोवळ्या टॉम क्रूझच्या डोळ्यांवर वेफेअर आला आणि १९८३ मध्ये ३ लाख ६० हजार जोड्या विकल्या गेल्या. १९८६ मध्ये ‘टॉप गन’ आला आणि तेच भाग्य अ‍ॅव्हिएटरच्या वाट्याला आलं. २०२२ च्या दुसऱ्या ‘टॉप गन’मध्ये, ३६ वर्षांनीही, क्रूझ त्याच आकाराचा गॉगल घालून मोटारसायकल पळवतो.

१९९७ च्या ‘मेन इन ब्लॅक’मध्ये रे-बॅनचं ‘प्रेडेटर २’ होतं. तिथेही गॉगल कामाचा आहे: समोरच्याची स्मृती पुसणाऱ्या झगमगाटापासून तो घालणाऱ्याला वाचवतो. त्या मॉडेलची विक्री तिपटीने वाढून ५० लाख डॉलरच्या जवळ गेली. हिरोची आवड म्हणून जे दिसतं, त्याच्यामागे बरेचदा कुणाच्या तरी सहीचा कागद असतो. त्याने मजा कमी होते असं मला वाटत नाही.

‘मिशन इम्पॉसिबल २’मधला तो स्फोट होणारा गॉगल विकत मिळतो का?

स्फोट वगळून मिळायचा. तो ओकलीचा ‘रोमिओ’, कंपनीच्या एक्स मेटल मालिकेतला पहिला. २००० सालच्या या चित्रपटात ईथन हंट (पुन्हा टॉम क्रूझच) अमेरिकेतल्या युटाच्या कड्यावर दोराशिवाय चढतो, वरती हेलिकॉप्टरमधून त्याच्यासाठी एक नळकांडं झाडलं जातं आणि त्यातून हा गॉगल निघतो. कामगिरीचा निरोप काचेवर चालतो, मग तो गॉगल फेकतो आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ओकलीची गोष्ट सांगायलाच हवी. जिम जनार्ड या माणसाने १९७५ मध्ये गॅरेजमध्ये ३०० डॉलरवर धंदा सुरू केला आणि कंपनीला आपल्या कुत्रीचं नाव दिलं. आधी मोटोक्रॉस गाड्यांच्या हँडलच्या मुठी विकल्या, मग धुळीचे गॉगल, मग सायकलपटूंचे चष्मे. हाच गृहस्थ पुढे रेड नावाचे डिजिटल सिनेमा कॅमेरे बनवायला लागला. म्हणजे हिरोच्या नाकावरची वस्तू आणि त्या हिरोला टिपणारी वस्तू, दोन्ही एकाच डोक्यातून निघाल्या.

रोमिओ आता बनत नाही. जुना घ्यायचा तर नाकावरचे आणि काड्यांचे रबर आधी तपासा. वयानुसार ते चिकट होतात किंवा तुटतात. फ्रेमच्या सांध्यांत खुळखुळ जाणवत असेल तर भाव पाडून मागायला हरकत नाही.

बॉन्डच्या गॉगलमध्ये दाखवतात तसं तंत्रज्ञान खरं असतं का?

कधीकधी चक्क असतं. १९८५ च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये रॉजर मूर खिडकीच्या काचेवरची चमक घालवून आतल्या खोलीत काय चाललंय ते बघतो. त्याच्या गॉगलमध्ये फिरवता येणारे पोलराइज्ड फिल्टर आहेत. हे शाळेच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं आहे: काचेवरून तिरपा परतलेला प्रकाश बऱ्याच अंशी एकाच दिशेने कंप पावत असतो, फिल्टर योग्य कोनात आणला की तो अडतो आणि मागचं दिसू लागतं. फोटोग्राफर हेच काम रोज करतात.

याउलट १९९९ च्या ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मध्ये बॉन्ड निळसर काचांतून लोकांच्या कपड्यांखालची शस्त्रं बघतो. ते थापच आहे. त्यासाठी क्ष-किरण सोडणारं यंत्र लागतं आणि ते टिपणारंही, नाकावरच्या काचेत दोन्ही मावत नाहीत.

२००८ च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’पासून डॅनियल क्रेगच्या बॉन्डला टॉम फोर्डचे गॉगल मिळू लागले. देखणे आहेत, यंत्रबिंत्र काही नाही.

टोनी स्टार्कसारखा चष्मा आज मिळतो का?

‘स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम’मध्ये (२०१९) टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, मागे ठेवलेल्या ‘ईडिथ’ चष्म्यातून उपग्रहावरचे ड्रोन बोलावता येतात आणि आसपासच्यांचे फोन वाचता येतात. ड्रोन सोडले तर बाकीच्या दिशेने पावलं पडली आहेत, आणि तीच जरा काळजीची बाब आहे.

गूगलने २०१३ मध्ये ‘गूगल ग्लास’ हा कॅमेरावाला चष्मा १५०० डॉलरला काही निवडक लोकांना दिला. माणसं बिथरली, समोरचा आपलं चित्रण करतोय का ते कळेना, आणि २०१५ मध्ये ती विक्री थांबली. चूक ओळखली ती फेसबुकवाल्या मेटाने: यंत्रासारखं दिसणारं काही विकण्यापेक्षा त्यांनी रे-बॅनशी हातमिळवणी केली. २०२१ मध्ये पहिली आवृत्ती, २०२३ मध्ये १२ मेगापिक्सेल कॅमेरा असलेली दुसरी. भारतात ती मे २०२५ मध्ये २९,९०० रुपयांपासून विकायला आली. दिसायला तोच वेफेअर, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. फोटो निघतो, कानाशी गाणं वाजतं, प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं. काचेवर मात्र काहीच दिसत नाही. टर्मिनेटरच्या नजरेत अक्षरं उमटतात तसं हवं असेल तर सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरला आलेलं ‘डिस्प्ले’ मॉडेल त्याच्या जवळ जातं, आणि तेही फक्त एका डोळ्यापुरतं, छोट्या चौकटीत.

चित्रण सुरू असताना फ्रेमवरचा छोटा दिवा लागतो. भर दुपारी तो समोरच्याच्या लक्षात येईलच असं नाही. लग्नात, दवाखान्यात, मंदिरात घालून जाणार असाल तर सांगून चित्रण करा. न सांगता कुणाचं चित्रण केलंत आणि त्यावरून बाचाबाची झाली तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

हिरो अंधारात, पावसात, बंद खोलीतही गॉगल का घालतात?

डोळे झाकले की माणूस काय विचार करतोय ते कळत नाही, आणि प्रेक्षकाला ते हवंसं वाटतं. शिवाय गॉगल काढण्याचा क्षण मिळतो. चांगला दिग्दर्शक तो क्षण वायफळ खर्चत नाही. एक व्यावहारिक फायदाही आहे: स्टंट करणारा बदली कलाकार गॉगलमागे बऱ्यापैकी लपतो.

प्रत्यक्षात रात्री गॉगल घालून गाडी चालवू नका. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मेसुद्धा नकोत. पिवळी काच उजेड वाढवत नाही, असलेल्यातला थोडा खाते.

फक्त हॉलिवूडच का? आपले आणि आशियातले हिरो?

बरोबर आहे तक्रार. हाँगकाँगपासून सुरुवात करू. १९८६ च्या ‘अ बेटर टुमारो’मध्ये चाउ युन-फॅटने लांब कोट आणि अ‍ॅलन डेलॉन ब्रँडचा गॉगल घातला. हाँगकाँगची हवा आपल्या कोकणासारखी दमट, तरी पोरं तसले कोट घालून घामाघूम होऊन फिरायला लागली. तो गॉगल दुकानांतून संपला आणि ज्याच्या नावाचा ब्रँड, त्या फ्रेंच नटाने चाउला आभाराचा निरोप धाडला.

दक्षिणेत एम. जी. रामचंद्रन यांचा काळा चष्मा आणि पांढरी टोपी पडद्यावरून थेट मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीपर्यंत गेली. आणि रजनीकांत! बंगळुरूच्या मराठी कुटुंबातला शिवाजीराव गायकवाड, बसमध्ये तिकिटं फाडणारा. त्याचा गॉगल कुठल्या कंपनीचा हे मला बरेच जण विचारतात. त्याने काहीच फरक पडत नाही. तो गॉगल हवेत गरकन फिरवून डोळ्यांवर आणतो, ती हालचाल हेच सगळं. तसलं काही हॉलिवूडच्या हिरोंना सुचलेलं नाही. तिकडे गॉगल हे उपकरण असतं, इकडे तो अभिनयाचा भाग होतो. २०१० च्या ‘एंथिरन’मध्ये तर तो यंत्रमानव होऊन गॉगल घालतो.

हिंदीत त्याच वर्षी ‘दबंग’च्या चुलबुल पांडेने गॉगल शर्टाच्या मागच्या कॉलरला अडकवला आणि गावोगावच्या पोरांनी उचलला. रोहित शेट्टीच्या पोलिसपटांत अ‍ॅव्हिएटर जणू वर्दीबरोबरच मिळतो. बाजीराव सिंघम मराठी, त्यामुळे आपल्याला त्याचं जरा जास्त कौतुक.

काच जितकी काळी तितकी डोळ्यांना चांगली, हे खरं ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. काळेपणा हा दिसणाऱ्या उजेडाचा मामला. डोळ्यांना इजा करणारे अतिनील किरण वेगळे, ते अडवण्याचा गुण काचेच्या रंगावर ठरत नाही. पूर्ण पांढऱ्या काचेतही तो असू शकतो. उलट काच काळी आणि अतिनील किरण आत सोडणारी असेल तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि नको तो प्रकाश जास्त आत जातो. त्यापेक्षा गॉगल नसलेला बरा.

घेताना ‘यूव्ही ४००’ हे शब्द शोधा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. पॉलिकार्बोनेट हे काम स्वभावतःच करतं, त्यामुळे साध्या, स्वस्त पण खऱ्या पॉलिकार्बोनेटचा चष्माही डोळ्यांना पुरेसा असतो. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत काच तपासायचं छोटं यंत्र असतं. मागा, दाखवतात.

काळेपणाचीही प्रतवारी आहे, ० ते ४. तिसऱ्या प्रतीची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, आपल्या उन्हाला ती योग्य. चौथी फक्त ३ ते ८ टक्के सोडते, ती बर्फाच्या डोंगरांसाठी, आणि ती घालून गाडी चालवायची नसते. काडीच्या आतल्या बाजूला हा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो.

पोलराइज्ड घ्यावा का?

समुद्र, होडी, हायवे, ओला रस्ता असेल तर जरूर. पाण्यावरून किंवा बॉनेटवरून येणारी झळाळी बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावते आणि पोलराइज्ड काच फक्त उभा प्रकाश आत घेते. अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी १९२९ मध्ये यासाठीच्या पातळ पडद्याच्या पेटंटचा अर्ज केला होता, त्यांचीच पुढे पोलरॉइड कंपनी झाली. दुकानात खात्री करायची तर गॉगलमधून मोबाइलचा पडदा बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात पडदा काळवंडला की माल खरा.

गंमत म्हणजे वैमानिकांना पोलराइज्ड गॉगल टाळायला सांगतात. यंत्रफलकावरचे डिजिटल पडदे त्यातून अंधारे दिसतात, आणि दुसऱ्या विमानावरची चमक दिसणं त्यांना हवंच असतं. तेव्हा दुकानात ‘पोलराइज्ड अ‍ॅव्हिएटर, खास पायलटवाला’ म्हणून कुणी गळ्यात मारायला लागला तर हसून घ्या. डिजिटल मीटरची बाइक असेल तर विकत घेण्याआधी तिच्यावर बसून बघा.

उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी काच?

घरातून बाहेर, बाहेरून घरात करणाऱ्यांना सोयीची. कारमध्ये मात्र निराशा होते. या काचा अतिनील किरणांनी काळवंडतात आणि कारची पुढची काच तेच किरण अडवते. दुसरं म्हणजे गरम हवेत त्या तितक्या काळ्या होत नाहीत. विदर्भात मे महिन्यात वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गोळी लागली तरी काच फुटत नाही, असं विक्रेता सांगतो. खरं?

गोळीचं सोडा. अमेरिकेत साध्या गॉगलची काच तपासायला सुमारे १६ मिलिमीटरचा पोलादी गोळा १२७ सेंटिमीटरवरून तिच्यावर टाकतात. सुरक्षा-चष्म्याची परीक्षा कठीण: साडेसहा मिलिमीटरच्या आसपासचा पोलादी छर्रा ताशी १६५ किलोमीटरच्या वेगाने आपटतात. या दुसऱ्या परीक्षेत उतरलेल्या चष्म्यावर ‘झेड८७+’ असं कोरलेलं असतं. ग्राइंडर चालवत असाल, क्रिकेटमध्ये जवळ फिल्डिंग करत असाल तर त्या खुणेला महत्त्व आहे. सैन्याचे नियम आणखी वेगळे.

एवढे महाग का असतात?

काच आणि फ्रेम हा त्यातला लहान वाटा. रे-बॅन, ओकली आणि पर्सोल हे तिन्ही ब्रँड आज एकाच घरात आहेत, एसिलोरलक्झोटिका. तिची इटालियन बाजू म्हणजे लक्झोटिका, मिलानच्या अनाथालयात वाढलेल्या लिओनार्दो देल वेक्किओ यांनी १९६१ मध्ये उभी केलेली. १९९९ मध्ये त्यांनी रे-बॅन घेतला. २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकानांची साखळी घेतली, तिथून ओकलीच्या मालाची मागणी एकदम घटली, ओकलीचा शेअर कोसळला, आणि २००७ मध्ये २१० कोटी डॉलरला ओकलीही त्याच घरात आली. हे एखाद्या अ‍ॅक्शनपटापेक्षा कमी नाही, फक्त कुणी गॉगल काढून डोळे दाखवले नाहीत. प्रादा, शनेल अशा फॅशन घराण्यांचे चष्मेही परवाना घेऊन हीच कंपनी बनवते.

तुमच्या रे-बॅनवर भारतीय बनावटीचा शिक्का असेल तर घाबरू नका. राजस्थानातल्या भिवाडीत कारखाना आहे.

फर्स्ट कॉपी घेऊ का?

फॅशन स्ट्रीटवरून ३०० रुपयांत घेतलेला गॉगल संध्याकाळी भटकायला, फोटोला ठीक. दिवसभर उन्हात गाडी चालवायला नको, कारण काचेचा भरवसा नाही. काचेच्या कडेला कोरलेलं ‘आरबी’ बघून खरा-खोटा ठरवू नका, नक्कल करणारेही ते कोरतात. बिल आणि दुकान हीच खात्री. बजेट कमी असेल तर नकली नावापेक्षा देशी ब्रँडचा यूव्ही ४०० लिहिलेला साधा गॉगल घ्या.

मला नंबर आहे. गारगॉइल्ससारखा गोल वळलेला गॉगल चालेल का?

नंबर कमी असेल तर जमतं. जास्त असेल तर वळलेल्या काचेत कडेला चित्र विकृत होतं, चक्कर आल्यासारखं वाटतं. अ‍ॅव्हिएटर किंवा वेफेअरसारखी सपाट फ्रेम सोपी पडते. चष्मेवाल्याला मोकळेपणाने विचारा.

मुलांसाठी हिरोचा खेळण्यातला गॉगल?

खेळायला द्या, उन्हात नको. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यातून अतिनील किरण मोठ्यांपेक्षा जास्त आत जातात.

ग्रहण गॉगलमधून बघता येईल?

नाही. दोन गॉगल एकावर एक घालूनही नाही.

चेहऱ्याच्या आकाराप्रमाणे कुठला घ्यावा?

आरशात बघा आणि हसून दाखवा. हसताना फ्रेम गालांनी उचलली गेली तर एक नंबर लहान किंवा वेगळ्या आकाराची घ्या. गोल चेहरा, चौकोनी चेहरा हे तक्ते मी कधी मानले नाहीत.

चुलबुल पांडेसारखा मागच्या कॉलरला अडकवला तर काही बिघडतं का?

कॉलर कडक आणि गॉगल हलका असेल तर फारसं नाही. पण काड्या सारख्या फाकून बिजागऱ्या सैल होतात, वाकलं की तो पडतो, आणि खुर्चीला टेकून बसलात की काम संपलं. बाइकवर तर अजिबात नको. आपल्याला दिसत नाही, आणि तो पडला की मागून येणाऱ्या टेम्पोच्या चाकाखालीच सापडतो. डबी सोबत ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, उष्णतेने काचेवरचा थर तडकतो. घाम आणि खारं वारं लागलं की आधी पाण्याखाली धरा, मग मऊ फडक्याने पुसा. कोरडाच शर्टाच्या टोकाने पुसलात तर त्यावर बसलेली वाळू काचेवर ओरखडे पाडते.